यंत्राचे सांधे

नागपूरहून छत्तीसगडच्या भातशेतीच्या प्रदेशात जाणारा पहिला लोहमार्ग १८८२ च्या सुमारास राजनांदगावपर्यंत पोहोचला. मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची गाडी १८६७ मध्येच नागपुरास आलेली होती. परंतु तिचे रूळ साडेपाच फुटी, तर छत्तीसगडच्या मार्गाचे रूळ एक मीटर रुंदीचे. त्यामुळे मुंबईकडे निघालेले धान्याचे प्रत्येक पोते नागपुरास उतरवावे लागे आणि दुसऱ्या वाघिणीत चढवावे लागे. दोन्हीकडची इंजिने चांगली होती, डबेही चांगले होते. अडचण होती ती केवळ सांध्याची. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग ताब्यात घेऊन रुंद केला, तेव्हा कोठे हे दुखणे मिटले.

यंत्रयुगाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो सांध्यांचाही इतिहास आहे, हे सहसा लक्षात येत नाही. १८४१ मध्ये इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ याने स्क्रूच्या आट्यांचे एकच प्रमाण सुचविले. त्यापूर्वी एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्या कारखान्याच्या नटात बसेलच असा भरवसा नसे. १९०४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील बाल्टिमोर शहरास प्रचंड आग लागली. शेजारच्या वॉशिंग्टनहून बंब तातडीने धावून आले. पण त्यांच्या नळ्यांची तोंडे बाल्टिमोरच्या पाण्याच्या खांबांना बसेनात. पाणी होते, माणसे होती, बंबही होते. सांधा मात्र जुळत नव्हता.

कचेरीतील मेजावर जो संगणक आज सर्वत्र दिसतो, त्याचा प्रसारही अशाच एका सांध्यामुळे झाला. ऑगस्ट १९८१ मध्ये आय. बी. एम. कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याच्या अंतर्भागात नवी कार्डे बसविण्यासाठी पाच खाचा होत्या आणि त्यांची संपूर्ण माहिती, विद्युत्-मंडलांच्या आकृत्यांसह, कंपनीने छापून प्रसिद्ध केली होती. परिणामी कोणीही कारागीर त्या खाचेत बसेल असे कार्ड तयार करू शकला. पाहता पाहता त्या नमुन्यावर बेतलेले इतर कंपन्यांचे संगणकही बाजारात आले.

ही उदारता पुढे मूळ कंपनीलाच जड वाटू लागली. एप्रिल १९८७ मध्ये तिने पी. एस. टू नावाची नवी मालिका काढली आणि तीत मायक्रो चॅनेल नावाची नवी खाच बसविली. तांत्रिकदृष्ट्या ती सरस होती. परंतु जुने कार्ड तीत बसत नसे, आणि ती वापरू इच्छिणाऱ्या इतर उत्पादकांना परवान्याचे मूल्य भरावे लागे. १९८८ मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि जुनी कार्डेही चालतील अशी स्वतःची खाच त्यांनी जाहीर केली. तीही फार काळ टिकली नाही. तथापि मायक्रो चॅनेल मागे पडले आणि बाजाराचे नेतृत्व आय. बी. एम.च्या हातून निसटले, ते कायमचेच.

भारतात ही लाट थोडी उशिरा आली. आय. बी. एम.ने १९७८ मध्ये येथील कारभार आवरला होता. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केले. त्यानंतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये सुटे भाग जुळवून संगणक उभे करणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. १९९५ मध्ये ए. टी. एक्स. हे प्रमाण आले. मदरबोर्डचे आकारमान, स्क्रूची छिद्रे, वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे कारागीर जिला एसएमपीएस म्हणतात ती, हे सारे त्यात ठरून गेले. मग कोणत्याही गावातला कारागीर कोणत्याही कंपनीचा भाग आणून बंद पडलेले यंत्र चालू करू लागला.

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील सिलतरा हे औद्योगिक क्षेत्र या कथेचा पुढचा भाग समजून घेण्यास फार सोयीचे आहे. येथे स्पंज आयर्नच्या भट्ट्या आहेत. लोहखनिज आणि कोळसा घेऊन मालमोटारी येतात, लोखंड घेऊन जातात. अशा कारखान्याच्या फाटकाशी धर्मकाटा असतो आणि त्याच्या खोलीत एक संगणक. कारखान्याचा सारा हिशेब तेथून सुरू होतो. कारण काट्यावरचे वजन संगणकात उतरले नाही, तर मालमोटारींची रांग हमरस्त्यापर्यंत लागते.

काट्याचे वजन संगणकाकडे येते ते बहुधा सिरीयल पोर्टच्या तारेतून. या जोडणीचे प्रमाण १९६० च्या दशकातील आहे आणि तिचे नऊ पिनांचे रूप १९८४ च्या संगणकापासून रूढ झाले. काट्यावर वजनमापे खात्याची मोहोर असते. त्यामुळे तो मनास येईल तेव्हा बदलता येत नाही. संगणकानेच काट्याशी जुळवून घ्यावे लागते. पण कचेरीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक नव्या संगणकांना हा पोर्टच नसतो. मागच्या बाजूस त्याच्या आकाराची झाकलेली जागा तेवढी असते. भाग वेगळा मागवावा लागतो, आणि तो त्याच कंपनीचा, त्याच मालिकेचा हवा असतो. यूएसबीचा परिवर्तक लावून काम भागते खरे. पण परिवर्तक उपटून दुसऱ्या जागी खोचला की पोर्टचा क्रमांक बदलतो आणि वजनाचा आकडा पडद्यावर येईनासा होतो.

दुसरे दुखणे धुळीचे. लोखंडाची आणि कोळशाची बारीक धूळ विजेची वाहक असते, आणि सर्वांत आधी झिजतो तो पंखा. साध्या संगणकाचा पंखा कोणत्याही दुकानात मिळतो. परंतु काही कंपन्यांच्या कचेरी-संगणकांत पंख्याची जोडणी त्यांची स्वतःची असते. दुसरा पंखा लावला, तर यंत्र सुरू होताना पंख्यात बिघाड असल्याचा संदेश दाखविते आणि कोणी कळ दाबीपर्यंत थांबून राहते. वीज जाऊन येणाऱ्या ठिकाणी हे थांबणे किती महागात पडते, ते रात्रपाळीचा काटेवाला जाणतो.

एसएमपीएसची कथा तर अधिकच विलक्षण आहे. १९९८ च्या सुमारास डेल कंपनीच्या काही संगणकांतील जोडणी दिसण्यात हुबेहूब प्रमाण जोडणीसारखी होती, पण आतील तारांचा क्रम निराळा होता. ती नेहमीच्या मदरबोर्डला लावली तर भाग जळण्याचाच संभव. न बसणारा सांधा निदान सावध तरी करतो. बसणारा परंतु न जुळणारा सांधा फसवितो. २०१७ मध्ये इंटेलच्या आठव्या पिढीच्या मेजावरील प्रोसेसरांबाबतही असेच घडले. आधीच्या दोन पिढ्यांप्रमाणेच १,१५१ संपर्कबिंदूंची बैठक असूनही ते जुन्या मदरबोर्डवर चालत नव्हते. वाढलेल्या विजेच्या गरजेचे कारण त्यास देण्यात आले. पुढे विंडोज ११ ने सामान्यतः याच आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर ग्राह्य धरले, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मदत संपली. धडधाकट यंत्रे केवळ एका पिढीच्या अंतराने जुनी ठरली.

आराखडा करणाऱ्यांची बाजू ऐकल्यावाचून निवाडा देणे न्याय्य होणार नाही. लहान पेटी मेजावर कमी जागा घेते. स्वतःच्या घाटाचा एसएमपीएस वीज वाचवितो. स्क्रू-ड्रायव्हरवाचून उघडणारे झाकण ही तर कारागिरीची उत्तम खूण होय. हजारो एकसारखी यंत्रे भाडेपट्ट्याने घेऊन तीन-चार वर्षांनी परत करणाऱ्या महानगरी कंपनीला या आराखड्यात खोट दिसत नाही. कारण भाग बदलण्याची पाळीच तिच्यावर येत नाही. पण तीच यंत्रे पुढे डागडुजी होऊन लहान कारखान्यांत येतात आणि तेथे आणखी सात-आठ वर्षे राबतात. आराखडा पहिल्या मालकासाठी झालेला असतो. त्याचे परिणाम दुसरा मालक भोगतो. खुला सांधा हा वस्तुतः या दुसऱ्या मालकाचा हक्क आहे.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, ही गोष्ट या दृष्टीने महत्त्वाची आहे. परंतु कायद्याची वाट पाहत असता खरेदीदारालाही काही करता येण्यासारखे आहे. यंत्र घेताना त्याचा वेग आणि स्मृती तो विचारतोच. एसएमपीएस प्रमाण मापाचा आहे काय, पंखा बाजारात मिळतो काय, काट्याची तार थेट लागते काय, हेही त्याने विचारावे आणि उत्तर कागदावर घ्यावे. सांध्यांची किंमत दरपत्रकात लिहिलेली नसते. ती भरावी लागते पुढे, फाटकाशी मालमोटारी खोळंबलेल्या असताना.