चावडीवरची यादी

शेतकऱ्यास सरकारी साहाय्य देण्याची रीत आपल्या प्रांतात नवी नव्हे. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत गांजलेल्या कुणब्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. पुढे १८८३ साली जमीन सुधारणेसाठी आणि १८८४ साली बी-बियाणे, बैल इत्यादींसाठी कर्जे देण्याचे कायदे झाले. हीच आपल्या वाडवडिलांची तगाई. ती कोणास मिळाली, याची नोंद सरकारी दप्तरात राही. परंतु ते दप्तर वाचण्याइतकी अक्षरओळख गावात फार थोड्यांस होती.

पुढे उजनीचे पाणी आले आणि आमच्या जेऊरच्या परिसरात ऊस व केळी डोलू लागली. साहाय्याचे प्रकारही वाढले. २००८ साली केंद्र सरकारने कर्जमाफी जाहीर केली, तेव्हा पात्र शेतकऱ्यांच्या याद्या शाखेच्या फलकावर लावण्याचा नियम होता. आम्ही त्या वेळी नोकरीत होतो. आपल्या ज्ञातीतील एक वृद्ध विधवा भगिनी आम्हांस फलकापाशी घेऊन गेली. तिचे नाव नव्हते. “गुरुजी, पुन्हा एकदा वाचा,” असे ती म्हणाली. आम्ही तीन वेळा वाचले. भोवतालची मंडळी मात्र कोणत्या बड्या बागाईतदाराचे किती माफ झाले, एवढेच शोधीत होती. तिचा तक्रार अर्ज लिहून देण्याचे आम्ही कबूल केले; पण शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, त्या धांदलीत तो राहून गेला. ही खंत आजही मनातून जात नाही.

ही एकटीची कथा नव्हती. २०१३ साली महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढे आला. माफी मिळालेल्या ८०,२९९ तपासलेल्या खात्यांपैकी साडेआठ टक्के अपात्र निघाली. उलट, कर्जदार असूनही यादीत न घेतलेली ९,३३४ खाती तपासली, तेव्हा त्यांत १,२५७, म्हणजे १३.४६ टक्के, पात्र आढळली. लाटणाऱ्यांची चर्चा गावभर होते. वगळलेल्याचा मात्र कोणी उच्चारही करीत नाही.

महाराष्ट्राने २००२ साली व केंद्राने २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. केंद्रीय कायद्याच्या चौथ्या कलमान्वये अनुदानाच्या वाटलेल्या रकमा व लाभार्थींचा तपशील सरकारने आपण होऊन प्रसिद्ध करावयाचा असतो. २०१९ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीत वर्षाला ६,००० रुपये मिळतात. तिची गावनिहाय यादी आज भ्रमणध्वनीवरही पाहता येते. वीस लाखांहून अधिक अपात्रांना या योजनेचे पैसे गेल्याचे २०२१ साली याच अधिकारामुळे उघडकीस आले.

गरिबाचे नाव चारचौघांत वाचल्याने त्याची अब्रू जाते, असा आक्षेप काही वडीलधारे घेतात. तो अगदीच अनाठायी नव्हे. म्हणून यादी वाचावी ती कुचेष्टेसाठी नव्हे. आपल्या घरात प्राप्तिकर भरणारे कोणी हा निधी घेत असेल, तर तो प्रथम आपणच परत करावा. मग आपल्या आळीतील जे वृद्ध वाचू शकत नाहीत, त्यांना तरुणांनी यादी वाचून दाखवावी. आणि ज्याचे नाव गळले असेल, त्याचा अर्ज त्याच दिवशी लिहून द्यावा. उद्यावर टाकू नये, एवढीच आमची ज्ञातिबांधवांस विनंती आहे.