ब्रेक व स्थिरता नियंत्रणाचे इशारा दिवे

ब्रेक व स्थिरता नियंत्रणाचे इशारा दिवे हे मोटारीच्या डॅशबोर्डवरील, संबंधित यंत्रणांची स्थिती व बिघाड दर्शविणारे दिवे होत. चावी फिरवल्यावर ते स्वयंचाचणीसाठी काही क्षण लागून विझतात. भारतात १ एप्रिल २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना एबीएस बंधनकारक आहे.

अर्थ

* लाल ब्रेक दिवा: हँडब्रेक ओढलेला असणे किंवा ब्रेक ऑइल कमी होणे. हँडब्रेक सोडूनही दिवा न विझल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवावी.
* पिवळा एबीएस दिवा: नेहमीचे ब्रेक लागतात, मात्र जोरात दाबल्यास चाके जाम होऊन गाडी घसरू शकते.
* घसरत्या गाडीचे चिन्ह: लुकलुकल्यास यंत्रणा कार्यरत, सतत लागल्यास बंद किंवा बिघडलेली.
* लाल व एबीएस दिवे एकत्र: मागील चाकांच्या ब्रेकदाबाचे नियंत्रणही बंद पडलेले असू शकते, गाडी चालवू नये.

निदान

एबीएस व स्थिरता नियंत्रण चाकांच्या त्याच वेग-सेन्सरवर अवलंबून असल्याने एका सेन्सरच्या बिघाडानेही दोन्ही दिवे लागतात. चिखल, तुटलेली वायर व झिजलेले बेअरिंग ही नेहमीची कारणे होत. ओबीडी सॉकेटला स्कॅनर जोडून मिळणारा कोड सदोष परिपथ दाखवतो, बदलायचा भाग नव्हे. म्हणून वायर व कनेक्टर आधी तपासतात. पेठ वडगावहून कोकणात उतरताना लागणाऱ्या आंबा घाटासारख्या उताराच्या रस्त्यांवर, विशेषतः पावसाळ्यात, ही तपासणी प्रवासापूर्वी करणे आवश्यक ठरते.