रबर, कोळसा आणि तेल

मुंबई-अहमदाबाद महामार्गानें वसई-विरार ओलांडून जाणाऱ्या प्रवाशाला रस्त्याच्या कडेला झिजलेल्या टायरांचे ढीग दिसतात. टायर एकदां निकामी झाला कीं तो कोणालाही नकोसा होतो. तो कुजत नाहीं. उघड्यावर जाळल्यास काळा, विषारी धूर सोडतो. आणि पावसाळ्यांत त्याच्या पोकळींत सांचलेल्या पाण्यांत डांसांची पैदास होते. अशा वस्तूपासून पुन्हां इंधन मिळवावें ही कल्पना नवी वाटली, तरी तिचें मूळ बरेंच जुनें आहे.

कोळसा आणि खनिज तेल हीं एकाच कुळांतील भावंडें होत. दोहोंतही कर्ब आहे. भेद आहे तो मुख्यत्वें हायड्रोजनचा. कर्बाच्या मानानें तेलांत तो कोळशाच्या सुमारें दुप्पट असतो. तेव्हां कोळशांत हायड्रोजन भरला तर त्याचें तेल व्हावें, हें ओघानेंच आलें. फ्रीड्रिख बर्गियस या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १९१३ च्या सुमारास प्रचंड दाब व उष्णता यांच्या साह्यानें हें साधलें. १९२७ सालीं लॉयना येथें मोठा कारखाना सुरू झाला आणि १९३१ सालीं बर्गियस व कार्ल बॉश यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

ज्या देशांत तेलाच्या विहिरी तुटपुंज्या होत्या, त्याला ही विद्या वरदान वाटली. पण ती युद्धाच्या कामीं लागली. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन विमानांचें बहुतेक पेट्रोल कोळशांतून निघे. ऑशविट्झजवळील मोनोविट्झ येथें कोळशापासून रबर आणि इंधन हीं दोन्ही करण्याचा कारखाना उभारतांना छळछावणींतील हजारों बंदिवान मृत्यु पावले. रबर मात्र तेथें शेवटपर्यंत निघालेंच नाहीं. १२ मे १९४४ रोजीं लॉयनासह अशा कारखान्यांवर दोस्त राष्ट्रांच्या विमानांनीं बाँबवर्षाव केला. त्या मोहिमेनें पुढें जर्मन विमानदळ इंधनावांचून पंगू झालें. त्याच युद्धकाळांत हिंदुस्थानांतही पेट्रोलवर नियंत्रण आलें आणि लोणारी कोळशाच्या गॅसची भट्टी जोडून मोटारी चालविल्या गेल्या.

टायरांतील रबरांत कोळशापेक्षां हायड्रोजन अधिक असतो. दोन्ही एकत्र करून हायड्रोजनच्या दाबाखालीं सुमारें ४०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलीं, तर रबराचें तेल होतें आणि तें तेल कोळशाला विरघळण्यास साह्य करितें. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील विद्यापीठांत असे प्रयोग झाले. परंतु हायड्रोजन महाग, दाब सोसणारीं यंत्रें त्याहून महाग. त्यामुळें त्यांतून मोठा धंदा उभा राहिला नाहीं.

आपल्याकडे आली ती यांतील सोपी तेवढी अर्धी विद्या. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यांत, विशेषतः वाडा तालुक्यांत, बंद पिंपांत हवेवांचून टायर तापविण्याचे कारखाने निघाले. त्यांतून भट्टीचें तेल, ज्वालाग्राही वायु, काजळी आणि पोलादी तार मिळते. मात्र पिंप निवण्याआधीं उघडलें तर आग लागते, आणि काजळी मजुरांच्या छातींत व भोंवतालच्या शेतांत जाते. तीं शेतें वाडा कोलम या नामांकित तांदळाच्या प्रदेशांतील आहेत. २०१९ सालीं राष्ट्रीय हरित लवादापुढें आलेल्या माहितीप्रमाणें देशांतील अशा ६३७ कारखान्यांपैकीं २७० कारखाने नियम पाळीत नव्हते. २०२२ च्या नियमांनीं तेल काढण्यासाठीं परदेशांतून जुने टायर आणण्यास बंदी केली आणि टायर करणाऱ्यांवर त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकली.

टाकाऊ टायराचें तेल होतें, हें शास्त्रानें सिद्ध केलें आहे. तो ढीग तसाच पडूं देणें हाही शहाणपणा नव्हे. परंतु मोनोविट्झच्या इतिहासांत जो हिशेब कोणी मांडला नाहीं, तो येथें आधींच मांडला पाहिजे. तेल किती निघालें हें मोजणारे पुष्कळ असतात. तें काढतांना कोणाचा श्वास आणि कोणाचें शेत खर्चीं पडलें, हें त्याच वहींत लिहिलें गेलें, तरच त्या व्यवहाराला लाभ म्हणतां येईल.