पैसे देऊन धूळ झटकायला जाणारी माणसं

आजचा विषय ऐकून काहींना गंमत वाटली असेल. रजा काढायची, पदरचे पैसे खर्च करून परदेशात जायचं, आणि तिथे जाऊन कुणाच्या तरी तीनशे वर्षं जुन्या घरातली धूळ झटकायची. ब्रिटनमध्ये याला ‘वर्किंग हॉलिडे’ म्हणतात. आपण श्रमसुट्टी म्हणू. शब्द जरा ओबडधोबड आहे, पण काम भागेल.

या कल्पनेचं मूळ मात्र सुट्टीत नाही, युद्धात आहे. १९२० साली पिअर सेरेझोल नावाच्या स्विस गृहस्थाने फ्रान्समध्ये, व्हर्दूंजवळच्या एन या उद्ध्वस्त गावात एक शिबिर भरवलं. वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक, त्यात जर्मनसुद्धा, येऊन गाव उभारू लागले. ज्यांनी ते गाव तोफांनी पाडलं त्यांच्यातलेच लोक कुदळ घेऊन आलेले पाहून गावातल्या सगळ्यांनाच आनंद झाला असं नाही, आणि काही महिन्यांत काम आटोपतं घ्यावं लागलं. पण पद्धत रुजली. हेच सेरेझोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्येही येऊन राबले. त्यामुळे ‘श्रमदान’ हा शब्द ऐकताना फक्त आपल्याच परंपरेचा विचार करू नका, हे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत.

आता घरांकडे येऊ. ब्रिटनमधल्या ‘नॅशनल ट्रस्ट’ची स्थापना १८९५ ची. ऑक्टाव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि कॅनन रॉन्स्ले हे तिघे संस्थापक. त्यांनी घेतलेली पहिली इमारत म्हणजे ससेक्समधलं ॲल्फ्रिस्टनचं जुनं धर्मगुरूचं घर, १८९६ साली, किंमत दहा पौंड. सुरुवातीला त्यांचा जीव मोकळ्या जमिनींवर होता, हवेल्यांवर नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. वारसाकर वाढत गेला, जमिनीचं उत्पन्न घटलं, आणि मोठाली घरं पाडली जाऊ लागली. १९३४ मध्ये लॉर्ड लोथियन यांनी ट्रस्टच्या सभेत हा प्रश्न मांडला. १९३७ मध्ये कायदा बदलला आणि मालकाने घर व त्याच्या देखभालीपुरतं उत्पन्न ट्रस्टला द्यायचं, बदल्यात कुटुंबाला तिथे राहता यायचं, अशी सोय झाली. लोथियन स्वतः १९४० मध्ये वारले आणि त्यांचं नॉरफोकमधलं ब्लिकलिंग हॉल ट्रस्टकडे आलं.

घरं आली. पण ती झाडणार कोण?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या बायकांचा सर्वांत मोठा व्यवसाय म्हणजे दुसऱ्याच्या घरचं काम. दुसऱ्या महायुद्धानंतर ही फौज जवळजवळ नाहीशी झाली. मुली कारखान्यात गेल्या, दुकानात गेल्या, कचेरीत गेल्या. आणि गेल्या ते बरंच केलं, असं मी म्हणेन. चाळीस खोल्यांचं घर मात्र मागे उरलं, आणि धूळ काही कुणाची वाट पाहत थांबत नाही.

एक उदाहरण नीट बघू. वेल्समध्ये रेक्सममजवळ एर्डिग नावाचं घर आहे. १६८० च्या दशकात जोशुआ एडिसबरी याने बांधलं आणि त्यापायी तो कर्जात बुडाला. जॉन मेलर नावाच्या लंडनच्या वकिलाने ते विकत घेतलं. १७३३ मध्ये ते त्याच्या भाच्याकडे, यॉर्क घराण्याकडे आलं. पुढे २४० वर्षं या घराचे मालक सायमन किंवा फिलिप याच नावाचे. तिसरं नाव नाही! इतिहासाच्या विद्यार्थ्याचे हाल विचारू नका.

या यॉर्क मंडळींची एक खोड होती. ते नोकरांची चित्रं काढून घेत. १७९० च्या दशकात पहिल्या फिलिपने सुतार, लोहार, स्वयंपाकघरातला माणूस, मोलकरीण यांची तैलचित्रं करवली आणि प्रत्येकावर स्वतः रचलेल्या ओळी लिहवून घेतल्या. पुढच्या पिढ्यांनी हीच प्रथा छायाचित्रांनी चालवली. नोकर दारासमोर उभे, प्रत्येकाच्या हातात ज्याच्या त्याच्या कामाचं हत्यार. युरोपातल्या फार थोड्या घरांत राबणाऱ्यांचे चेहरे असे सापडतात.

पण भाबडेपणा नको. त्या चित्रांत शिंग हातात घेतलेला एक कृष्णवर्णीय तरुण आहे. तो कोण होता, हे आज सांगता येत नाही. आणि १९०७ मध्ये याच घरातल्या एलन पेन्केथ या स्वयंपाकीण-व्यवस्थापिकेवर पाचशे पौंडांच्या अपहाराचा आरोप ठेवून तिला अटक झाली. ज्यूरीने तिला निर्दोष सोडलं. मालकाच्या लेखी मात्र ती चोरच राहिली. नोकरांवर मायेने कविता करणारं घर ते हेच.

१९६६ मध्ये शेवटचा फिलिप यॉर्क मालक झाला तेव्हा घरात वीज नव्हती, छत गळत होतं, आणि खालून बर्शमच्या कोळशाच्या खाणीने जमीन पोखरल्यामुळे घर पाच फुटांच्या आसपास खचलं होतं. १९७३ मध्ये त्याने ते ट्रस्टला दिलं. दुरुस्ती होऊन १९७७ मध्ये ते खुलं झालं, आणि तेव्हा एक फार चांगला निर्णय घेतला गेला. पाहुण्यांना दर्शनी दरवाज्याने न घेता नोकरांच्या बाजूने आत घ्यायचं. आधी सुतारशाळा, तबेला, धोबीखाना, स्वयंपाकघर. दिवाणखाना त्यानंतर.

आता श्रमसुट्टी. ट्रस्टने १९६७ पासून ‘एकॉर्न कॅम्प’ भरवायला सुरुवात केली. एकॉर्न म्हणजे ओकचं फळ, कारण ओकची पानं हे ट्रस्टचं चिन्ह. त्याआधी स्ट्रॅटफर्डच्या कालव्याचा दक्षिणेकडचा तेरा मैलांचा भाग स्वयंसेवक, सैनिक आणि चक्क तुरुंगातल्या कैद्यांनी मिळून साफ केला होता, तो १९६४ मध्ये पुन्हा खुला झाला. हौशी हातांनी मोठं काम होऊ शकतं, हे तिथे दिसलं होतं. शिबिरात आठवडाभर राहायचं, खाण्याराहण्यासाठी थोडे पैसे भरायचे, पाळीपाळीने स्वयंपाक करायचा. काम बहुतेक बाहेरचं, म्हणजे झुडपं तोडणं, पायवाटा दुरुस्त करणं, चुन्याशिवायचे दगडी बांध रचणं. घराच्या आतलं काम स्वयंसेवकाच्या वाट्याला पुढे पुढे अधिक येऊ लागलं.

आणि ते आतलं काम आपण समजतो तसं नसतं. आपण फडकं मारतो. तिथे फडकं मारायला सहसा मनाई! कारण धूळ म्हणजे बारीक खरवड. फडक्याने ती लाकडावर, सोनेरी मुलाम्यावर घासली जाते. म्हणून ब्रश. मुलाम्यासाठी घोड्याच्या केसांचा मऊ, कोरीव लाकडासाठी डुकराच्या केसांचा जरा ताठ. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात व्हॅक्यूम क्लीनरची नळी, तिच्या तोंडाला जाळी बांधलेली, म्हणजे सुटलेला कपचा आत ओढला जाणार नाही. धूळ वस्तूवरून हवेत उडवायची आणि हवेतच पकडायची. एका चौकटीला सकाळ जाते.

त्यात ही धूळ बऱ्याच प्रमाणात कुणाची, तर बघायला येणाऱ्यांचीच. त्यांच्या कपड्यांचे तंतू, बुटांची माती. दोरीच्या जितकं जवळ, तितकी धूळ जास्त. घर टिकावं म्हणून लोकांना आणायचं, कारण तिकिटाचे पैसे लागतात. आणि लोक आले की घर झिजतं. या तिढ्याला उत्तर नाही, फक्त रोजचा हिशोब आहे. उजेडाचाही तसाच. कापड, जलरंगातली चित्रं यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू द्यायचा नाही. म्हणून पडदे अर्धे ओढलेले, आणि पाहुणे कुरकुरतात की काही दिसत नाही. हिवाळ्यात घर बंद करून सामानावर आच्छादनं घालतात, गालिचे उलटून कसर लागली आहे का ते पाहतात. इंग्रज मंडळी याला ‘घराला झोपवणं’ म्हणतात. आपली आजी पावसाळ्याआधी पैठणी मलमलीत गुंडाळून ठेवायची, तोच जातीचा शहाणपणा.

आता मुद्द्याची गोष्ट. जे काम एलन पेन्केथच्या हाताखालच्या मुली पोटासाठी करत, तेच काम आज सुखवस्तू माणसं हौसेने आणि स्वतःच्या खर्चाने करतात. यावर दोन आक्षेप आहेत. फुकट हात मिळाले की पगारी जागा कमी होतात, हा पहिला. ज्याला आठवडाभर बिनपगारी राहणं परवडतं तोच वारशाच्या जवळ पोचतो, हा दुसरा. पहिला आक्षेप मला अर्धाच पटतो, कारण स्वयंसेवकाला शिकवायला आणि आवरायला पगारी, तयार माणूस लागतोच. तो नसला तर आठ उत्साही हात मिळून एक मुलामा घालवू शकतात. आपल्या गडांवर चांगल्या मनाने ओतलेलं सिमेंट आठवा. दुसरा आक्षेप मला पूर्ण पटतो.

आणि तो आपल्याला जास्त लागू होतो. इथून जाणाऱ्याला विमानाचं भाडं आहे, व्हिसा आहे. ब्रिटनच्या साध्या पर्यटक व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा चालते, पण सहलीचा मुख्य हेतू तो असता कामा नये. म्हणजे कागदावर तुम्ही आधी पर्यटक, मग झाडूवाले.

तरीही कुणी गेलंच, तर एर्डिगहून दक्षिणेला, वेल्शपूलजवळ पोविसचा किल्ला आहे. तोही ट्रस्टकडेच. तिथे क्लाइव्ह बापलेकांनी हिंदुस्थानातून नेलेला मोठा संग्रह आहे, त्यात टिपू सुलतानाचा छापील सुती कापडाचा तंबू. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर तो तिकडे गेला. २०२० मध्ये ट्रस्टने वसाहतवाद आणि गुलामगिरीशी संबंध असलेल्या आपल्या ९३ जागांचा अहवाल छापला, त्यावरून तिकडे मोठं वादळ उठलं. वाद चालूच आहे. पण त्या तंबूच्या कापडालाही तोच मंद उजेड लागतो, आणि कुणीतरी त्याची निगा राखल्यामुळेच तो आपल्याला कुणाचा, कसा गेला, हे विचारण्याइतका शाबूत आहे.

वेळ झाली आहे. इथे थांबतो. व्हिसाबद्दलचे प्रश्न आधी घेऊ, मला दिसतंय की बरेच हात त्यासाठीच वर आहेत.