विलायती वांगं गावठी कसं झालं

मराठीत एक शब्द असा आहे, जो माणसाला लावला तर अपमान होतो आणि भाजीला लावला तर कौतुक. तो शब्द म्हणजे 'गावठी'. आमच्या नरडाण्यात भाजी घेताना टोमॅटोच्या ढिगाकडे बोट दाखवून कुणी 'गावठी आहेत का?' असं विचारतं, तेव्हा त्याला एक विशिष्ट चव हवी असते. हा टोमॅटो लहान, चपटा आणि पातळ सालीचा असतो. त्याच्या अंगावर भोपळ्यासारख्या घड्या असतात, आत नुसता रस असतो आणि आंबटपणा असा की एक डोळा मिटावा. परसात मी हाच लावतो. अशा पिढ्यानपिढ्या राखलेल्या वाणांना जगभर 'एअरलूम' म्हणतात, म्हणजे वारशानं आलेले. पण या वारशाचा इतिहास शोधायला लागलं की पहिल्याच पायरीवर कळतं, की गावठी टोमॅटो मुळात आपल्या गावचा नाहीच.

टोमॅटोचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या बाजूला उगवतात. त्याची शेती बहरली ती मेक्सिकोत. तिथल्या नाहुआट्ल भाषेतल्या 'तोमात्ल' या शब्दावरून त्याचं आजचं नाव आलं. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी अ‍ॅझ्टेकांची राजधानी जिंकली आणि त्यानंतर हे फळ युरोपात पोचलं. १५४४ मध्ये मात्तिओली या इटालियन वैद्यानं त्याचं वर्णन लिहून ठेवलं. भारतात ते पोर्तुगीजांच्या मार्फत आलं असं मानलं जातं. मिरची आणि बटाटाही अमेरिकेचेच. म्हणजे आपल्या 'पारंपरिक' रश्शातला बराचसा ऐवज समुद्र ओलांडून आलेला आहे.

पण मिरचीला आपण चटकन घरात घेतलं आणि टोमॅटोला बराच काळ उंबऱ्यावर उभं ठेवलं. त्याला मिळालेली नावं पाहा. बंगालीत 'बिलाती बेगुन', हिंदीत 'विलायती बैंगन', मराठीत 'वेलवांगं'. ओळखीच्या वांग्यावरून अनोळखी फळाला नाव दिलं गेलं, आणि ते चूकही नव्हतं. वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा ही सगळी एकाच कुळातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज वॉट यांनी भारतातल्या उपयोगी वनस्पतींचा मोठा कोश केला. त्यात टोमॅटोची लागवड मुख्यतः युरोपियनांसाठी होत असल्याची नोंद आहे.

खान्देशापुरतं याचं कारण मला स्वयंपाकघरात सापडतं. आंबट करण्याचं काम करायला आमच्याकडे चिंच होती, कैरी होती, ताक होतं. जागा रिकामीच नव्हती. शिवाय वांग्याचा मान मोठा. आमच्या हिरवट भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये 'जळगाव भरीताची वांगी' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. ते वांगं भाजून, हिरवी मिरची आणि लसूण घालून बडगीत ठेचतात. अस्सल खान्देशी भरतात आजही टोमॅटो पडत नाही.

मग विलायती वांगं गावठी झालं कसं? माझ्या मते, सांडपाण्यावर. टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळे बियातून पुन्हा तसंच झाड येतं. उष्ट्या-खरकट्यासोबत बी मोरीच्या पाण्यात जातं आणि तिथेच रोप वर येतं. जे रोप आमचा उन्हाळा आणि आमची काळी जमीन सोसेल, ते टिकतं. त्यातलं चांगलं फळ घरातली बाई बियाला ठेवते. गर दोन-तीन दिवस पाण्यात आंबवायचा, बी धुवायचं, सावलीत वाळवायचं, राखेत घोळून पुरचुंडीत बांधायचं. मीही असंच करतो. परक्या झाडाला गावकरी करून घेण्याची पद्धत एवढीच आहे: आपल्या मातीत आलेल्या फळाचं बी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मातीत टाकायचं.

ही साखळी तुटली ती 'हायब्रीड' या शब्दानं. हा शब्द आपल्याकडे आधी ज्वारीबरोबर आला. सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचं वाण १९६४ मध्ये आलं. टोमॅटोची पाळी नंतर आली. १९७३ मध्ये बेंगळुरूच्या इंडो-अमेरिकन हायब्रीड सीड्स या कंपनीनं 'कर्नाटक' नावाचा संकरित टोमॅटो आणला. संकरित बियातून पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार येते. तिचं बी धरलं तर मात्र पुढची पिढी विखुरते: एक झाड असं, दुसरं तसं. म्हणून दर हंगामात पाकीट विकत घ्यावं लागतं आणि राखेतली पुरचुंडी विस्मरणात जाते.

चवीचंही तसंच. गावठी टोमॅटो पिकतो तेव्हा देठाजवळ त्याचे खांदे हिरवे राहतात. बाजारात ते कच्चे वाटतात, म्हणून पैदासकारांनी सगळीकडून सारखं लाल होणारं फळ निवडलं. २०१२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या संशोधनातून कळलं, की या निवडीत एक जनुक निकामी झालं होतं. ते जनुक फळात हरितद्रव्य वाढवतं, आणि त्यातून फळाची साखर वाढते. आपण रंग घेतला आणि गोडी देऊन बसलो. गावठी टोमॅटो तव्यावर भाजून, मीठ-मिरची घालून कळण्याच्या भाकरीबरोबर खाल्ला, की आंबटामागून हळूच येणारी गोडी जिभेला लगेच कळते.

तरी संकरित वाणाला शिव्या देऊन मी मोकळा होणार नाही. नरडाण्याहून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. त्यावरून शेकडो किलोमीटर जाणाऱ्या ट्रकमध्ये माझा टोमॅटो टिकणार नाही, क्रेटच्या तळाशी त्याचं सार होईल. शहरातल्या लाखो घरांना बारा महिने टोमॅटो मिळतो तो जाड सालीच्या, रोगाला तोंड देणाऱ्या वाणांमुळे. ज्याचं घर या पिकावर चालतं, त्या शेतकऱ्याला मी कोणत्या तोंडानं गावठी लावायला सांगू?

म्हणून हे काम परसाचं, कुंडीचं, गच्चीचं आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियांची बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सुरुवात घरातल्या बियांपासूनच होते. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, वाटण्याचा, बिनब्रँडचं विकण्याचाही हक्क दिला आहे. पण बी राखलंच नाही तर तो हक्क कागदावरच राहतो. वर्षं उलटली की बियाची उगवण कमी होते, आणि शेवटची पुरचुंडी जुनी झाली की ते वाण कुठल्याही पैशानं परत येत नाही.

मेक्सिकोचं फळ इथं गावठी झालं, कारण कुणीतरी दर वर्षी मूठभर बी बाजूला ठेवलं. या हंगामात माझ्याकडे चार पुरचुंड्या निघाल्या आहेत. एक मला पुरते, बाकीच्या तीन वाटायच्या आहेत.