सोलापूर, परंडा, नळदुर्ग : एका पुसलेल्या सीमेचे वाचन

मराठीत किल्ल्यांवर जे लिहिले गेले, ते प्रामुख्याने सह्याद्रीच्या किल्ल्यांवर. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'पासून गो. नी. दांडेकरांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'पर्यंतच्या या परंपरेने किल्ला म्हणजे डोंगर, चढण आणि स्वराज्य असे समीकरण आपल्या मनात पक्के केले. सपाट मुलखातले भुईकोट या समीकरणात बसत नाहीत. म्हणून ते आपल्या साहित्यातही फारसे आले नाहीत. सोलापूर, परंडा आणि नळदुर्ग ही त्यांतली तीन ठळक नावे.

बहमनी सत्ता विस्कटल्यावर अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांची सीमा याच टापूतून जात होती. दोन राज्यांना वेगळे करणारा डोंगर येथे नव्हता. जो किल्ला ज्याच्या हाती, तेथवर त्याची हद्द. त्यामुळे किल्ले लग्नाच्या वाटाघाटींतही येत. १५२४ मध्ये इस्माईल आदिलशहाच्या बहिणीचा विवाह बुऱ्हाण निजामशहाशी झाला, तेव्हा सोलापूर हुंड्यात देण्याचे ठरले. ते दिले गेले नाही आणि युद्ध पेटले. पुढे हुसेन निजामशहाची मुलगी चाँदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूर पुन्हा हुंड्यात आले. या वेळी उलट दिशेने. या घडामोडी सांगणारा इतिहासकार फिरिश्ता स्वतः अहमदनगरचा दरबार सोडून १५८९ मध्ये विजापूरला आला होता. त्याचा ग्रंथ विजापूरच्या आश्रयाने लिहिला गेला, हे तो वाचताना विसरून चालत नाही.

परंड्याची कथा एका तोफेत सामावते. 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ती परंड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. आज ती तेथल्या शेरझा बुरुजावर आहे. अहमदनगर पडल्यावर १६०० मध्ये मलिक अंबरने ज्या परंड्यात नवा निजामशहा गादीवर बसवला, त्याच परंड्याची ही तोफ शेवटी प्रतिस्पर्ध्याच्या तटावर चढली.

नळदुर्गला सीमा वेगळ्या रूपात दिसते. येथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, मीर इमादीनने बोरी नदीवर धरण बांधले आणि त्या भिंतीच्या पोटातच पाणीमहाल काढला. पावसाळ्यात सांडव्यांवरून पाणी कोसळत असताना आत माणूस कोरडा उभा राहतो. वेढ्यासाठी साठवलेले पाणी आणि पाहण्यासाठी सोडलेले पाणी, दोन्ही एकाच दगडी भिंतीत आहेत. लढाईच्या किल्ल्याला सौंदर्याचे वावडे असते, हा समज येथे टिकत नाही.

१६३६ मध्ये निजामशाही संपली आणि ही सीमाही संपायला हवी होती. तसे झाले नाही. १८१८ मध्ये सोलापूर इंग्रजांकडे गेले. नळदुर्ग आणि परंडा निजामाच्या हैदराबाद राज्यात राहिले. मधल्या १८५३ ते १८६० या काळात नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता, आणि तेथला कारभार काही वर्षे मेडोज टेलर पाहत होता. याच टेलरने पुढे चाँदबिबीवर 'अ नोबल क्वीन' ही कादंबरी लिहिली. ती १८७८ मध्ये प्रसिद्ध झाली. सीमेवरच्या किल्ल्याला कादंबरीकार लाभला, पण तो इंग्रजी भाषेचा. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरहून निघालेल्या भारतीय सैन्याने नळदुर्गजवळचा बोरीवरचा पूल ताब्यात घेतला, तेव्हा ही सीमा सैन्याने शेवटची ओलांडली.

या साऱ्या काळात सीमेच्या दोन्ही बाजूंना माणसे मराठीच बोलत होती. सीमा भाषेची नव्हती, धर्माचीही नव्हती. ती वसुलीची आणि फौजेची होती. राज्य म्हणजे एक भाषा, एक लोक, ही आपल्या काळाची समजूत घेऊन येथे आलो तर दगड बोलत नाहीत. म्हणून हे तिन्ही किल्ले सुटे न पाहता एका फेरीत पाहावेत. एकेका किल्ल्यात तट, बुरूज आणि खंदक दिसतात. सीमा दिसते ती एका किल्ल्याकडून दुसऱ्याकडे जाताना, मधल्या ज्वारीच्या रानांतून. तेथे तिची एकही खूण उरलेली नाही, आणि तिच्याविषयी सर्वांत अधिक सांगणारी गोष्ट बहुधा हीच असावी.