पवनी की पौनी? स्कॅनरच्या आधीचं काम

भंडारा जिल्ह्यावर काम करायचं ठरवलंत, तर पहिल्याच आठवड्यात तुमच्या हाती रसेलने संपादित केलेलं १९०८ चं गॅझेटियर येईल. घरबसल्या, फुकट. पण त्याच जिल्ह्यातल्या दंडारीची किंवा खडी गंमतीची हस्तलिखित वही शोधायला निघालात, तर एसटीने गावोगाव फिरावं लागेल. मग आपल्या तळटीपांमध्ये इंग्रज अधिकारीच जास्त बोलतो, यात नवल ते काय?

यात आपलाही दोष आहे. मी स्वतः एका वाचनालयातून मोबाइलवर दोनेकशे पानं काढून आणली. ती माझ्या लॅपटॉपवर आहेत. वाचनालयाकडे एकही फाईल नाही. नंतर लाज वाटली, पेनड्राइव्ह घेऊन परत गेलो. तेव्हा कळलं की नुसत्या फाईली देऊन भागत नाही. 'आयएमजी ००४७' हे नाव वाचून ग्रंथपाल काय शोधणार?

पवनीचंच घ्या. मराठीत पवनी आणि पौनी, इंग्रजी स्पेलिंगं तर आणखी निराळी. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९६९-७० मध्ये इथे उत्खनन केलं, जगन्नाथ टेकडीवरचा बौद्ध स्तूप उजेडात आला. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांचा अहवाल १९७२ मध्ये निघाला, तो 'पौनी' या नावाने. तुम्ही 'पवनी' टाकून शोधलंत तर तो सापडेलच असं नाही. म्हणून नोंद करताना गावाची सगळी रूपं लिहा, देवनागरीत आणि रोमनमध्येही.

याच पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्दचं धरण आहे. १९८८ मध्ये पायाभरणी झाली, पुढे कितीतरी गावं उठली. समजा, अशा एखाद्या गावच्या देवळाचा फोटो मिळाला आणि मागे फक्त 'आमचं देऊळ' एवढंच लिहिलेलं आहे. कुठलं देऊळ? जुन्या गावठाणातलं की पुनर्वसनातलं? हे सांगू शकणारी माणसं आज म्हातारी आहेत. स्कॅनर पुढच्या वर्षीही मिळेल. आधी त्यांच्याजवळ बसा.

आता कायद्याचं. यात बरेच जण गोंधळतात. सार्वजनिक, ना-नफा वाचनालयाला आपल्याकडच्या पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवता येते. २०१२ च्या दुरुस्तीने तशी सोय केली आहे. पण जतन करणं वेगळं आणि सगळ्यांसाठी ऑनलाइन टाकणं वेगळं. लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे १९६४ मध्ये वारलेल्या लेखकाची छापील पुस्तकं १ जानेवारी २०२५ पासून खुली झाली. ती विकिस्रोतावर नेता येतात. दंडारीच्या वहीचं गणित निराळं, कारण ती कधी छापलेलीच नसते. तिथे घरच्यांची लेखी संमती घ्या, आणि वही त्यांच्याच घरी राहू द्या.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट राहिली. स्मरणिका, अहवाल, झाडीबोलीतले लेख पूर्वी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप व्हायचे. ती फाईल युनिकोडमध्ये आणली नाही तर शोधात येत नाही, आणि दुसऱ्या संगणकावर नुसती चिन्हं दिसतात. कुठल्या संस्थेत जुना संगणक भंगारात निघणार असेल, तर आधी त्याची हार्डडिस्क मागून घ्या.